बोलणी खाणारा वाफा

आमचे शेतीचे सर इतके उंच आहेत की ते वर्गात शिरायला लागले की आधी दारच दचकतं. सगळी शाळा त्यांना खांबसर म्हणते, आणि फोन उचलल्यावर तेसुद्धा "हां, खांब बोलतोय" म्हणतात. स्वभाव मात्र लोण्याचा. झाडांशी ते अहो-जाहो करतात. पाणी घालताना "घ्या, घ्या, संकोच नको," आणि फांदी छाटताना "माफ करा हं, अगदी टोकच घेतो."

शाळेमागच्या त्यांच्या जमिनीच्या तुकड्यावर मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, डोळा होता. तिथे त्यांना सायकल स्टँड हवा होता. "टोमॅटो काय, बाजारात मिळतात हो! सायकली कुठे ठेवू? डोक्यावर?" सर कधी नव्हे ते पेटले. प्रेमाने बोललं की रोप जोमाने वाढतं, मुलं प्रयोग करून दाखवतील, अशी पैजच मारून बसले. "नाही दिसलं, तर खुशाल लावा सायकली."

झालं. टोमॅटोचे तीन वाफे केले. एकाशी गोड बोलायचं, एकाला रागवायचं, एकाशी अबोला. पाणी, खत सगळ्यांना सारखं, आणि वाफ्यातल्या कशालाही बोटसुद्धा लावायचं नाही.

गोड वाफ्यापाशी झुंबड. "अय्या, काय कांती आहे तुमची!" अबोल्याच्या वाफ्याजवळून आम्ही तोंड दाबून जायचो, शिंक आलीच तर कुंपणाबाहेर धूम. रागवणं मात्र कुणाला जमेना, हसूच फुटायचं. सरांनी घसा खाकरून पाहिलं. "तुम्ही जरा... म्हणजे... बघा बुवा, तुमचं तुम्ही." रोप आपलं मजेत डोलतंय.

इतक्यात सरांची ताई डबा घेऊन आली. सर रोज डबा विसरतात, ती रोज आणून देते. आईमागे तिनेच शिवणयंत्र चालवून त्यांना वाढवलं. उंचीने ती सरांच्या कोपराला लागते, पण आवाज? कावळे जागा बदलतात.

"अरे ठोंब्या! डोकं धडाला चिकटलंय म्हणून, नाहीतर तेही घरीच विसरला असतास!" बोलता बोलता तिने त्यांची वरखाली लागलेली बटणं सोडून नीट लावली, चष्मा काढला, पुसला, परत नाकावर ठोकला. तिचं तोंड सुरू झालं की हात गप्प बसत नाहीत.

सरांचे डोळे चकाकले. "ताई, हे रोज इथे येऊन बोलशील?"

"कुणाला?"

"टोमॅटोला."

"वेड लागलंय तुला," ताई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी वाफ्यापाशी बसकण मारून हजर.

"सरळ उभा राहा! पाणी ढोसायचं नि डोलायचं, एवढंच येतं का? खातोस ते जातं कुठे? त्या शेजारच्याकडे बघ, शीक काहीतरी!" आम्ही तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. डबा खायचाही विसरायचो.

निकालाच्या दिवशी ताईचा वाफा फळांनी वाकलेला. अबोल्याचा तणात कसाबसा उभा. आणि गोड वाफ्यात तणच कमरेएवढं. आत हात घालून चाचपलं तेव्हा गोटीएवढा एक टोमॅटो सापडला.

मोठ्या बाईंनी पर्समधून मापाची टेप काढली. सर खाली बघत म्हणाले, "म्हणजे... प्रेमाने काही वाढत नाही तर."

ताई उसळली. "अहो बाई, टेप कसली काढताय? पोरांच्या तोंडातला घास काढून चाकं लावणार? आणि काय हे रान माजलंय इथे!" तोंड बाईंकडे, पण हात गोड वाफ्यात. सपासप तण उपटलं जात होतं.

आमच्या वर्गातली चष्मेवाली किंचाळली, "सर! हात बघा, हात! ताई रोज हेच करत होत्या!"

सगळे हातांकडे बघू लागले. ताईसुद्धा. तिच्या मुठीत तणाची जुडी होती आणि ती तिथे कशी आली ते तिलाच कळेना.

मोठ्या बाई मूळच्या विज्ञानाच्या. त्यांनी टेपकडे पाहिलं, जुडीकडे पाहिलं, उसासा सोडला. "बोलणं वेगळं आणि तण काढणंही वेगळं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, खांब! प्रयोग बाद. पैजही बाद. पुन्हा करा."

आता ताई गोड वाफ्यावर आहे. या वेळी तण सगळीकडचं काढायचं, फक्त बोलणं वेगळं. पहिल्या दिवशी तिने रोपाकडे पाहून दीर्घ श्वास घेतला.

"किती... किती छान... वाढतोयस रे, राजा..." तिचा जबडा दुखायला लागला. "पण मेल्या, वाकून काय उभा राहतोस? पाठ दुखेल ना!"

मागे उभे असलेले सर झटकन ताठ झाले.