बांडा मासा आणि माळावरची लांडगी

ईटच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या बिरदेवआबांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही. तरी ऑर्का नावाच्या समुद्रातल्या जनावराबद्दल त्यांच्याइतकं आमच्या गावात कुणी बोललं नसेल, आणि बोलण्यापायी त्यांच्याइतकं हसंही कुणाचं झालं नसेल.

मुलगा कुमार नोकरीला लागला तेव्हा त्यानं आपला जुना मोबाईल बापाला दिला. मेंढरं चरत असली की आबा बाभळीखाली बसून व्हिडिओ बघायचे. एकदा त्यात ऑर्का आला. अंगानं काळा, पोटाला पांढरा, म्हणून आबांनी त्याचं नाव बांडा ठेवलं. तो पाण्यातल्या एका माणसाजवळ आला, तोंडातला मासा त्याच्यापुढं सोडला आणि घेतोय का ते बघत थांबला. त्या दिवसापासून आबांना दुसरं काही सुचेना.

मोकळ्या समुद्रात बांड्यानं माणूस मारल्याचं ऐकिवात नाही, हौदात कोंडल्यावर मात्र मारला, हे ते हॉटेलात चहा पिणाऱ्या प्रत्येकाला सांगत. पुढं त्यांना ऑस्ट्रेलियातली एक जुनी हकिकत सापडली. तिथं हे बांडे मोठाले देवमासे किनाऱ्याकडं हाकत आणायचे, माणसं ते मारायची आणि जीभ-ओठ बांड्यांसाठी सोडायची. हे ऐकून आबांचा आनंद मावेना, कारण असा वाटा त्यांच्या घराण्यातही होता. लांडग्यानं कोकरू मारलं तर ते हिसकावून आणायचं नाही. त्यावर आपल्या हातानं चिमूटभर भंडारा टाकायचा आणि पाठ फिरवायची. ओढ्याच्या घळीत एक लांडगी बरीच वर्षं राहत होती, यंदा तिला पिल्लं झाली होती. ती पिल्लं माळावर मोठी झालेली बघायची, एवढीच आबांची इच्छा उरली होती. म्हातारं चळलं, असं गाव म्हणायचं. गावाला काय, जिभेला हाड नाही.

मग लांडगीनं नेमकं कुमारच्या लेकाच्या जावळासाठी राखलेलं कोकरू मारलं. आबांनी रीतीप्रमाणं भंडारा टाकला आणि घरी आले. कुमार आदळआपट करील असं त्यांना वाटलं होतं. पण तो जेवताना शांतपणे विचारू लागला, की लांडगी पुन्हा तिथंच येते का, कधी येते, पिल्लं बरोबर आणते का. बापाच्या मेंढरांची आणि माशांची लाज वाटणारा लेक पहिल्यांदा आपणहून काही विचारत होता. आबा हातातला घास तसाच धरून सगळं सांगत बसले. उद्या दिवस मावळताना येईल, पिल्लांना घेऊन येईल, हेही सांगितलं. कुमारचा मला आजही राग येतो तो यासाठी. मारायचंच होतं तर बापाला न विचारता मारायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आबांबरोबर माळावर गेलो. लांडगी कोकराशेजारी आडवी झाली होती, पिल्लं तिच्या पोटाला लागून पडली होती. तोंडाला फेस होता आणि नाकाला भंडारा. कोकरात कुणीतरी विष कालवलं होतं, आणि कोणी ते विचारायची गरज नव्हती.

कुमारनं नाकारलंही नाही. "मोबाईलमधले मासे बघून मेंढरं राखता येत न्हाईत, आबा," एवढं म्हणाला आणि कामावर निघून गेला. गावानं त्याची पाठ थोपटली.

आबांनी एकट्यानं खड्डा खणला, मला खोऱ्याला हात लावू दिला नाही. माती लोटून झाल्यावर त्यांची समजूत घालावी म्हणून मी म्हणालो, की तुमचा यात काय दोष, विष कुमारनं घातलं. आबा हातांकडं बघत बसले होते.

"लांडगी लई सावध असती," ते म्हणाले. "माणसाचा वास आला की तोंड लावत न्हाय. माझ्या हाताचा वास तिच्या वळखीचा हुता, म्हणून खाल्लं तिनं. पिल्लांस्नीबी खाऊ दिलं."