गाठोडं बाहेर ठेवा

परवा गुरुवारी नगरमधलं आमचं कापड दुकान कायमचं बंद झालं. अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय...

दुकानाचे मालक आण्णा. त्यांनी सायकलवर कापडाचे तागे बांधून जामखेड, खर्ड्याचे आठवडी बाजार केले आणि मग हे दुकान टाकलं. पुढे पाथर्डी, शेवगाव, सुपा... सात शाखा झाल्या. मी एकोणीस वर्षं साड्यांच्या काउंटरवर नोकरीला होते.

ऊसतोडीला जायच्या आधी पाथर्डीकडची कुटुंबं आख्खा दिवस आमच्याकडे यायची. पोरांचे स्वेटर, बायांची लुगडी, चादरी. आण्णा त्यांना गादीवर बसवायचे, जेवलात का विचारायचे.

आण्णा गेले आणि त्यांच्या मुलाने, धाकट्या शेठनी, दुकानाचा 'मॉल' केला. गादी गेली, काचेचं दार आलं, दारात गार्ड आला. "आपल्याला क्राउड बदलायचाय," असं मीटिंगमध्ये सांगितलं. गाठोडं घेऊन कुणाला आत सोडायचं नाही, हा नियम.

तो नियम मीही पाळला. दरवर्षी माझ्याकडेच येणाऱ्या पारूबाईंना मी दारातच सांगितलं, गाठोडं बाहेर ठेवा. त्या हसल्या आणि तशाच परत गेल्या... नंतर कधी आल्या नाहीत. त्यांच्यासारखे कितीतरी आले नाहीत. एकेक शाखा बंद होत गेली आणि शेठ म्हणत राहिले, ऑनलाईनने मारलं.

गुरुवारी दुपारी कपाटं रिकामी, गार्डलाही कधीच काढलेलं. दाराबाहेर पारूबाई उभ्या दिसल्या. काखेत गाठोडं.

"आन्नांचं दुकान बंद व्हायलंय म्हनं... म्हनून आले," त्या म्हणाल्या. मी हाताला धरून आत आणलं, खुर्ची दिली. त्या आण्णांच्या फोटोकडे बघत बसल्या.

तेवढ्यात शेठ केबिनमधून बाहेर आले. "ताई, ते गाठोडं जरा बाहेर ठेवायला सांगा."

विकायला एक रुमाल नाही दुकानात... आणि हा माणूस गाठोडं बघतोय.

मी म्हणाले, "शेठ, ऑनलाईन नंतर आलं. त्याच्या आधीच आपण यांना घालवलं. तुम्ही सांगितलंत आणि मी घालवलं." आवाज चढला होता. ते "तुम्हाला धंद्यातलं काय कळतं" असं पुटपुटले आणि केबिनमध्ये गेले.

पारूबाई उठायला लागल्या. मी त्यांना म्हणाले, "त्या दिवशी मी चुकले, मावशी."

"आगं, तुजी नोकरी हुती. मला काय कळत न्हाई व्हय," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

शेठवर राग आहेच, तो जाणार नाही. पण पारूबाईंनी मला इतकं सहज माफ केलं, ते जास्त जाळतंय... त्या दिवशीच त्या दारात माझ्याशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.