दोन तोंडांचं इंजिन आणि सुदामने बांधलेला चढ

मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. निवडणुकीआधी ती येते, निकालानंतर जाते, एवढंच तिचं वेळापत्रक. तरी वैशाखरे गावच्या सुदामने पाच-सहा वर्षं इंजिनांत घातली. त्याला रेल्वेची आवड होती वगैरे कुणी सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नये. कारण होता चंदर, त्याचा साडू.

चंदर उंबरमाळीचा, कसाऱ्याला रेल्वेत फिटर. सुदाम मुरबाडच्या एमआयडीसीत लेथवर. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे तुलना काही सुटेना. सासुरवाडीला चंदरला खुर्ची मिळे आणि सुदामला सतरंजी. तेही त्याने गिळलं. पण चंदर निवृत्त झाला तेव्हा त्याच्या साहेबाने त्याला वीतभर लांबीचं पितळी इंजिन दिलं, स्पिरिटच्या दिव्यावर खरी वाफ करून धावणारं. चंदरने ते कापलं आणि त्यावर क्रेन बसवून दाखवली. सुदामची बायको माधुरी तो फोटो मोबाइलवर गल्लीभर दाखवत फिरली, आणि सुदामचं डोकं फिरलं. लेथवर हात आपला बसलेला, आणि कौतुक कानसवाल्याचं!

त्याने मुंबईच्या जुन्या बाजारातून तसंच एक इंजिन आणलं आणि त्याचं घाट चढणारं इंजिन केलं. खाली दात्यांचं चाक बसवलं आणि बॉयलर मुद्दाम तिरका ठेवला, म्हणजे चढावर आतलं पाणी सपाट राहावं. हिशेब अचूक होता. पण सपाट जमिनीवर ते इंजिन नाक खाली घालून उभं राही. पाण्यावर आलेली म्हैस, असं शेजारचा मंगळू म्हणाला आणि सगळा ओटा हसला. माधुरीसुद्धा. ते सुदाम विसरला नाही.

मग गेल्या वर्षी चंदरने दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडली. दोन्ही टोकांना धुराडं आणि मध्ये ड्रायव्हरची जागा, म्हणजे वळवायची भानगडच नको. उंबरमाळीच्या अंगणात ते असं डौलात फिरलं की माधुरी बोलून गेली, "भावजींच्या हातात कला हाय." तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याबद्दल असलं वाक्य एकदाही काढलं नव्हतं.

सुदामने खाली वाकून पाहिलं आणि त्याला खोट दिसली. दोन्ही बॉयलर आतून एकच केले होते, मध्ये भिंत नाही. चढावर सगळं पाणी खालच्या टोकाला जाणार, वरचं टोक कोरडं पडणार, आणि त्याच्याखाली दिवा जळतच राहणार. कथलाच्या डाकेने जोडलेले सांधे अशाने वितळतात. हे चांगल्या माणसाने तिथल्या तिथे सांगितलं असतं. सुदाम चहा पिऊन घरी आला आणि त्याने अंगणात फळ्या ठोकून चढ बांधायला घेतला, गरजेपेक्षा चांगला दुप्पट उभा.

रविवारी कोंबडीचा बेत करून त्याने साडूला बोलावलं. माधुरीला वाटलं, चला, एकदाची दोघांची मनं जुळली.

चंदरने इंजिन चढावर ठोकलेल्या रुळांवर ठेवलं. पहिली फेरी चढली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला वरच्या टोकाचं पितळ तपकिरी पडायला लागलं. ते फक्त सुदामला दिसलं, कारण तो त्याचीच वाट बघत होता. इंजिन माथ्यावर थांबलं. चंदरने चष्मा काढला आणि त्या टोकाला कान लावायला खाली वाकला. जुनी खोड, सगळी नोकरी त्याने इंजिनांना कान लावूनच केली होती.

सुदामने उडी मारली आणि पेटते दिवे उघड्या हाताने खेचून फेकले. दोन बोटं भाजली.

"पाणी खाली गेलंय. डाक सुटली आस्ती, वाफ तोंडावर आली आस्ती."

चंदर काळ्या पडलेल्या पितळाकडे बघत राहिला. "तुला कधी कळलं रे?"

"उंबरमाळीला. बघितलं तवाच."

"मंग हा चढ?"

"त्याच्याचसाठी बांधला."

माधुरी उठून आत गेली. चंदरने चिडावं, एक थोबाडीत द्यावी, असं सुदामला फार वाटत होतं. चंदर जेवला, हात धुतले आणि निघताना म्हणाला, "तीन महिने केलं मी, मला नाय दिसलं. ठेव हितंच. मधी भिंत घाल."

बोटांना मलम लावून सुदामने पंधरा दिवस काम केलं. त्याने बॉयलर कापला, मध्ये तांब्याची भिंत घातली, दोन्हीकडे वेगळं पाणी ठेवलं आणि सांधे चांदीच्या डाकेने पक्के केले. काम इतकं सुबक झालं की जोड शोधावा लागे. पुढच्या खेपेला इंजिन तोच चढ पाच वेळा चढलं, आणि चंदरने मंगळूसकट सगळ्यांना बोलावून सांगितलं की हे आता सुदामचं इंजिन, असा हात आख्ख्या मुरबाड-शहापुरात नाही. चढ कशासाठी बांधला होता, त्याचा शब्द काढला नाही.

माधुरी नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती. पण ते कौतुकही चंदरच्या तोंडून आलेलं, आणि मोठेपणातही तोच पुढे गेलेला.

"तुझ्याकडंच राहू दे," चंदर इंजिन पुढे करत म्हणाला.

"नको. घेऊन जा," सुदाम म्हणाला. "हितं राह्यलं तर मला रोज बघावं लागल."

चंदरने इंजिन पिशवीत घातलं आणि एसटीच्या वेळेला निघाला.