भुंग्याचे दहा दिवस

हिंजवडीजवळच्या माणमध्ये चंद्राबाईंच्या घरामागे पूर्वी गोठा होता, तिथे आता भाड्याच्या चार खोल्या आहेत. जमीन गेली, गाई विकल्या, पुढे नवराही गेला आणि मुलगा शेखर वाकडला फ्लॅटमध्ये राहायला गेला. मागे राहिला तो भुंग्या कुत्रा. शेवटची गाय विकली त्या आठवड्यात तो वैरणीच्या ढिगात सापडला होता, डोळेसुद्धा उघडले नव्हते. चंद्राबाईंनी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून त्याला जगवलं. त्याला आता सात वर्षं झाली. चंद्राबाई कुणाच्या लग्नाला गेल्या तरी पंगतीतून उठून दिवस मावळायच्या आत घरी येत. मुक्कामाला कुठेच राहत नसत. बहीण यावरून रुसली, शेखर चिडला, पण भुंग्याला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही, एवढंच त्या सांगत.

त्याची रेबीजची लस त्यांनी एकाही वर्षी चुकवली नव्हती. यंदा मात्र फेब्रुवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर दोन महिने वॉकरवर गेले. लसीची तारीख उलटली. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणता म्हणता चार महिने झाले.

जूनमधल्या एका गुरुवारी दुपारी ते घडलं. तिसऱ्या खोलीत स्वरदा राहायची. मूळची लातूरची, हिंजवडीत एका कंपनीत नोकरी, नवरा नागपूरला. तिची साडेचार वर्षांची किमया उंबऱ्यावर बसून बिस्किट खात होती. अर्धं तिने मुठीत धरून भुंग्यापुढे केलं. भुंग्याने बिस्किट घेतलं, पण त्याचा दात तिच्या बोटाला लागला आणि रक्त आलं.

चंद्राबाईंनी पोरीला उचलून नळाखाली नेलं. साबण लावून बोट धूत राहिल्या, पोर रडत होती तरी सोडलं नाही. स्वरदा धावत आली. तिने पहिलं तेच विचारलं.

"मावशी, याला लस दिलेली आहे ना?"

"व्हय. दरसाल देतो आमी."

रिक्षात बसल्यावर चंद्राबाईंना स्वतःचं उत्तर टोचायला लागलं. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की शेवटची लस नेमकी कधी दिली. स्वरदा उत्तरासाठी त्यांच्याकडे बघत होती.

"यंदाची चुकली," चंद्राबाई म्हणाल्या. "चार महिनं झालं. मगाशी म्या तुला पुरतं सांगितलं न्हाई, पोरी."

स्वरदाने किमयाला मांडीवर जवळ ओढलं. डॉक्टरांनी जखमेभोवती एक इंजेक्शन दिलं, दंडात दुसरं, आणि पुढच्या तारखा लिहून दिल्या. मग समजावून सांगितलं, की कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर राहिला पाहिजे. त्याला सोडायचं नाही, कुठे पाठवायचं नाही, मारायचं तर नाहीच. दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता असं समजायचं. पोरीची इंजेक्शनं मात्र चुकवायची नाहीत.

घरी आल्यावर चंद्राबाईंनी भुंग्याला पाण्याच्या टाकीमागच्या पडवीत बांधलं. जन्मात तो कधी बांधलेला नव्हता. पहिला अख्खा दिवस तो साखळी ताणून ओरडला, मग पडवीत जे सापडेल ते कुरतडत बसला. चंद्राबाई समोर खुर्ची टाकून बसायच्या. तो पाणी पितो का, गिळतो का, भुंकण्याचा आवाज बदललाय का, चालताना मागचा पाय ओढतो का. बघून बघून त्यांना सगळंच बदलल्यासारखं वाटायला लागलं. ऊन लागून तो धापा टाकायचा, तेव्हा तर तोंडाला फेस येतोय का, ते त्या वाकून बघायच्या.

स्वरदाने कामावर रजा टाकली होती. रोज सकाळी ती खिडकीतून एकच प्रश्न विचारायची.

"खाल्लं का त्याने?"

"खाल्लं."

त्यावर खिडकी बंद व्हायची. त्या आठवड्यात दोघींमध्ये दुसरं बोलणं झालं नाही.

चौथ्या दिवशी शेखर आला. त्याच्या मित्राचा कासार आंबोलीला बंगला होता, तिथला माळी कुत्रा ठेवून घ्यायला तयार होता. भाडेकरू बिथरतील, उद्या कुणी तक्रार केली तर निस्तरणार कोण, असं तो सांगत राहिला. गाडी आणलीच होती, आत्ताच नेतो म्हणाला. चंद्राबाई मनात डळमळल्या. तिकडे भुंग्याला निदान मोकळं फिरता आलं असतं, आणि आपल्याला ती खिडकी रोज बघावी लागली नसती.

मग त्या म्हणाल्या, "तितं त्यो आजारी पडला न् माळ्यानं सांगितलंच न्हाई, तर हितं त्या पोरीच्या आयशीला काय कळनार? दहा दिस त्यो हितनं हलायचा न्हाई."

शेखर रागाने निघून गेला.

सातव्या दिवशी सकाळी भुंग्याने भाकरीला तोंड लावलं नाही. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती. पाण्याच्या भांड्यात तोंड घालून त्याने ते लगेच बाहेर काढलं. चंद्राबाईंनी घोटावड्याचे जनावरांचे डॉक्टर मनीष यांना फोन लावला. डॉक्टर एका गोठ्यात अडकले होते, तासाभरात येतो म्हणाले. आणि बजावलं, की काहीही झालं तरी त्याच्या तोंडात हात घालू नका, जवळसुद्धा जाऊ नका.

त्याच दिवशी किमयाचं तिसरं इंजेक्शन होतं. स्वरदा निघायच्या तयारीत होती. डॉक्टर येऊन बघेपर्यंत तिला कशाला घाबरवायचं, हा विचार चंद्राबाईंच्या मनात आला. तो त्यांनी फार वेळ टिकू दिला नाही. त्या खिडकीशी गेल्या.

"आज त्यानं खाल्लं न्हाई. लाळ गळतीया. डाक्टर येत्यात."

स्वरदाने किमयाला आत टीव्हीपुढे बसवलं, दाराला बाहेरून कडी लावली आणि येऊन पडवीसमोर, चंद्राबाईंपासून हातभर अंतरावर उभी राहिली. भुंग्या पुढच्या पायाने सारखं तोंड घासत होता, मधूनच चंद्राबाईंकडे बघून कण्हत होता. सात वर्षांत तो असा कण्हला आणि त्या जवळ गेल्या नाहीत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी पदर दातात धरला.

"मावशी, जाऊ नका," स्वरदा म्हणाली, आणि तिने त्यांचा दंड धरला. डॉक्टरांची मोटारसायकल वाजेपर्यंत तो सोडला नाही.

डॉक्टरांनी आधी लांबूनच बराच वेळ पाहिलं. नावाने हाक मारली तर भुंग्याने शेपूट हलवलं. तोंडाला पाय घासतोय, म्हणजे आत काहीतरी असू शकतं, ते म्हणाले, पण खात्री धरायची नाही. जाड हातमोजे घालून, गळ्यात फास टाकून त्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. भुंग्या आडवा झाल्यावर त्यांनी चिमट्याने जबडा उघडला. वरच्या दाढांच्या मध्ये, टाळूला आडवी, बांबूची बोटभर कामटी घट्ट रुतून बसली होती. पडवीतली शेण भरायची जुनी बांबूची पाटी त्याने कुरतडून ठेवली होती, तिचीच ती.

चंद्राबाईंनी दातातला पदर सोडला. स्वरदा रडायला लागली.

डॉक्टरांनी मात्र दोघींना निर्धास्त होऊ दिलं नाही. अजून तीन दिवस बाकी आहेत, ते म्हणाले. साखळी तशीच राहू द्या, लस दहा दिवसांनंतर देऊ. पाटी तेवढी उचला. दुपारी स्वरदा किमयाला तिसऱ्या इंजेक्शनला नेऊन आली.

ते तीन दिवस आधीच्या सातांपेक्षा लांब गेले. भुंग्या खायला लागला, भुंकायला लागला, तरी चंद्राबाईंची झोप काही परतली नाही. रविवारी दहा दिवस भरले. सोमवारी सकाळी डॉक्टर मनीष येऊन लस देऊन गेले, आणि त्यांनी स्वतः साखळी सोडली. भुंग्या अंगणभर दोन चकरा मारून टाकीच्या सावलीत जाऊन पडला.

स्वरदा म्हणाली, "मी हिंजवडीत दुसरी खोली बघून ठेवली होती. तुम्ही शेखरदादांबरोबर त्याला पाठवलं असतं, तर त्याच दिवशी गेले असते."

चंद्राबाईंनी त्याच आठवड्यात खोल्या आणि अंगण यांच्या मध्ये कमरेएवढं लोखंडी फाटक बसवून घेतलं. किमयाच्या शेवटच्या इंजेक्शनला त्या बरोबर गेल्या. पोरीने त्यांच्याच मांडीवर बसून हात पुढे केला आणि परतताना रिक्षात विचारलं, की भुंग्यालापण सुई टोचताना एवढंच दुखलं होतं का. चंद्राबाई म्हणाल्या, त्याला जास्त दुखलं असेल, त्याला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं.