मठाच्या भिंतीवरचा मामांचा निळा रंग

अक्कलकोटच्या पुढं, मामांच्या गावी जायचं ठरलं ते एका सहीसाठी. मामांची स्मृती गेल्यापासून कोर्टानं मला त्यांची पालक नेमलंय. बँक, शेत, औषधं, सगळं मीच बघते. गावच्या मठातली जुनी भिंतचित्रं साफ करायला संवर्धक बाई आल्या होत्या. दर यात्रेला त्या भिंतीला रंग द्यायचा मान मामांच्या घरचा. त्यामुळे तो रंग काढायला त्यांच्या वतीनं होकार मी द्यायचा होता.

पुण्याहून पहाटेची एसटी पकडलीत तर ऊन तापायच्या आत सोलापूर येतं. मोडनिंबला चहा बरा मिळाला, भजी मात्र कालची होती. सोलापूरहून अक्कलकोटला गाड्या भरपूर, पुढं वडाप. जीप खच्चून भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरीच ठेवून या.

मठात वसुधाताई, म्हणजे त्या संवर्धक, शिडीवर बसून कापसाच्या बोळ्यानं भिंत पुसत होत्या. मामांनी वर्षानुवर्षं भक्तीनं चढवलेल्या निळ्या ऑइलपेंटखालून गेरूच्या रंगाचा छोटा नंदी बाहेर आला होता. इतका देखणा, की मला मामांचा रागच आला.

"मामांना आता काय कळतंय? तुमीच करा की सही," पुजारी म्हणाले.

वसुधाताई मात्र अडून बसल्या. "काढलेला रंग परत चढत नाही. ज्यांनी दिलाय त्यांना आधी दाखवा."

म्हटलं, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! तरी मामांना हाताला धरून आणलं. नंदीपाशी ते थांबले. "लई चांगला हाय की." मग दाराजवळच्या निळ्या पट्ट्यावर पंजा ठेवला. "हितं ब्याड." ब्याड म्हणजे नको. मामा हट्टाला पेटले की कन्नडवर येतात.

"का हो मामा?"

त्यांना सांगता येईना. पंजाही काढेनात.

"कारण नसलं तरी चालेल," वसुधाताई म्हणाल्या. "आधी काय होतं ते कळावं म्हणून थोडा भाग आम्ही न पुसता ठेवतोच. तो हाच ठेवू."

मग मी सही केली. घरी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही होतं. जेवताना मामांनी विचारलं, "तू कुणाची म्हणायची?" मी आईचं नाव सांगितलं आणि त्यांना दही वाढलं.

परत येऊन आठवडा झाला. सहल म्हणून जाणार असाल तर मठ जरूर बघा. माझं मात्र काम वाढलंय. मामांना पुण्याला आणायचं मी ठरवून टाकलं होतं. खोली तयार आहे, न्हाणीघरात धरायला दांडाही बसवलाय. आता त्यांना विचारल्याशिवाय आणता येणार नाही, आणि ते काय म्हणतील ते मला माहीत आहे.