बाबांचा स्टार्ट

आमच्या घरात ‘सुरू’ हा शब्द कुणी वापरत नसे. बाबा पेणच्या खाडीकाठचे, मिठागरात आणि भातात वाढलेले. पण रोह्याच्या कंपनीत ऑपरेटर झाले, आणि घरात जे काही सुरू व्हायचं ते स्टार्ट व्हायला लागलं. स्टोव्ह स्टार्ट, शाळा स्टार्ट, आजीच्या गोळ्या स्टार्ट. आई चिडवायची, "जेवण स्टार्ट करा आता, गार होतंय." शाळेत बाईंनी या क्रियापदाचे आणखीही अर्थ सांगितले होते: निघणं, दचकणं. ते मी घरी येऊन ऐटीत सांगितले. बाबा म्हणाले, "दचकायचं काय त्यात? बटण दाबायचं." त्यांच्या या रुबाबाचा मला भारी अभिमान होता.

मग प्लांट बंद पडला. तरी बाबा रोज आमच्या कासू स्टेशनवरून रोह्याची गाडी पकडत, गेटवर चौकशी करून परत येत. "पुढच्या आठवड्यात स्टार्ट हाय," एवढंच सांगत. तो आठवडा काही आला नाही.

खाडीच्या बांधाचा एकेक तुकडा गावात घराघराला वाटून दिलेला असे. मोठ्या उधाणाआधी ज्याने त्याने आपल्या तुकड्यावर चिखल चढवायचा. त्या वर्षी आईने दोनदा आठवण करून दिली. बाबा म्हणाले, "मी चिखलात, नि तिकडून बोलावणं आलं तर?" उधाणात आमच्याच तुकड्याला खांड पडली. खारं पाणी सगळ्या गावाच्या भातात शिरलं. कुणीही भांडायला आलं नाही. आले असते तर बरं झालं असतं.

खांड बुजवायला गाव रांगेत उभं राहिलं. चिखलाचे गोळे हातोहात पुढे जात होते. बाबा सगळ्यांच्या आधी येऊन थांबले होते. त्यांच्या अलीकडे त्यांचा चुलतभाऊ, पलीकडे मी. बाबांनी हात पुढे केले. काकाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. वाकून त्यांच्या समोरून गोळा माझ्याकडे धरला.

"घे गो," म्हणाला.

बाबांचे हात तसेच होते. मला त्यांची कीव येत होती, आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. मी गोळा घेतला, पुढच्या बाईकडे दिला. मग दुसराही घेतला.