मनगटावरचा बिल्ला

मालकांना दवाखान्यात ठेवल्याच्या तिसऱ्या दिवशी विमलबाईंनी खोलीचं दार ढकललं आणि झटकन पदर नाकाला लावला. मुताचा तो उग्र वास त्यांच्या ओळखीचा होता. दुष्काळात चारा छावणीतून मालक घरी आले की असाच वास अंगाला यायचा.

मालक म्हणजे त्यांचे यजमान आश्रुबा, तेलगावकडच्या एका सोसायटीत शिपाई. सोसायटीनं छावणी काढली तेव्हा जनावरांच्या कानाला बिल्ले मारायचं काम त्यांच्याकडं होतं. सरकार जनावरामागं पैसे देई. तपासणीला साहेब आले की शेजारच्या छावणीतली जनावरं हाकून आणायची, साहेब गेले की माघारी न्यायची. त्याच पैशात सोसायटीच्या चेअरमनचा हा दवाखाना उभा राहिला, असं लोक बोलत.

आता आश्रुबांना स्वतःचं घरही ओळखू येईना. उठून कुठंही चालू लागत. मागं पळून पळून विमलबाईंचे गुडघे गेले. गोळ्या, राखण, सगळं पदरचं. तेव्हा चेअरमनचा माणूस त्रिंबक म्हणाला होता, "काकू, फुकट इलाजाच्या सरकारी कार्डात इसरायचा आजार बसत न्हाई. आपण न्युमोनिया लिहू. तुमाला बी आठ दिस इसावा." देवापुढं दिवा लावून बाईंनी हो म्हटलं.

खोलीत सहा म्हातारे, सगळे विसरभोळे. कोण काय सांगणार? प्रत्येकाच्या मनगटाला नंबराची पट्टी. त्रिंबक ऑक्सिजनचा एकच मास्क एकाच्या तोंडावर लावायचा, फोटो काढायचा आणि न पुसता पुढच्याला लावायचा. आश्रुबांचं धोतर ओलं होतं, हनुवटीला वाळलेली शितं.

फोटो निघाला तसे ते उठले. शेजाऱ्याचं मनगट उचलून पट्टी बघितली आणि ओरडले, "साहेब गेले रं! हाका माघारी!"

"काका अजून लई कामाचे हायत," त्रिंबक हसला.

विमलबाईंनी पदरानं मालकांची हनुवटी पुसली. "एकदा तरी धुतलंस का रं यांना?"

"ते कार्डात बसत न्हाई, काकू."

"आन् फोटू बसतोय व्हय?"

"अजून पाच दिस ऱ्हाऊ द्या. फाईल अर्धी सोडली तर कार्ड पुन्यांदा चालायचं न्हाई. मग बसा जलमभर राखण करीत."

बाईंनी मालकांच्या मनगटावरची पट्टी दातानं तोडली आणि त्रिंबकच्या पायाशी थुंकली.

एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना आश्रुबा त्यांच्याकडं परक्यागत बघत राहिले. "बाई, तुमचं जनावर घावलं का?"

"घावलं," विमलबाई गुडघा दाबत म्हणाल्या.

"मग न्या घरी. हितं नुसतं बांधून ठेवत्यात. चारा घालीत न्हाईत."